बिनतांब्याचे वाळे

नातीच्या वाळ्यात तांबं मिसळू दिलं नाही, हा माझा मूर्खपणा. तोही कोवळ्या वयात नव्हे, चांगली पन्नाशीला आल्यावर. पहिल्यांदाच आजी झाले होते, आणि जळगावात जन्म काढल्यामुळे सोन्याचांदीतलं आपल्याला उपजतच कळतं, अशी माझी समजूत होती.

सुरुवात झाली धुळ्याला, लेकीच्या सासरी. विहीणबाईंनी बाळासाठी आणलेल्या चांदीच्या मनगट्या दाखवल्या. आतून बारीक त्रिकोणी शिक्का, शेजारी ९२५. मी चष्मा वर सरकवून म्हटलं, "म्हणजे हजारात पाऊणशे तांबंच की!" विहीणबाईंनी मनगट्या परत डबीत ठेवल्या. मला वाटलं, जिंकले.

घरी येऊन देवघरातली दोन चांदीची नाणी काढली, ९९९ लिहिलेली, आणि सोनारापुढे टाकली.

"भाऊ, यांचे वाळे करा. वर काही मिसळू नका."

"अक्का, नाणं कपाटात बसून राहतं. वाळा लेकराच्या पायात नाचतो. नुसती चांदी मऊ असते, तिला थोडं तांबं लागतंच. ९२५चे करू, शिक्का मारून आणून देतो."

"तांबं पाण्याच्या हंड्याला ठेवा. माझ्या नातीच्या पायात नको."

"मग घुंगरू तरी नको. त्याची कडी टिकायची नाही."

"वा! आणि आवाज कशाचा येणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं, नाण्यांकडे बघितलं, आणि हात जोडले. केले त्याने वाळे, प्रत्येकाला पाच घुंगरं. बारशाला पाळण्याशी वाकणाऱ्या एकेका बाईला मी सांगितलं, शंभर नंबरी आहेत हो. विहीणबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात.

नात आठ महिन्यांची झाली तेव्हा मी पुन्हा धुळ्याला होते. ती उताणी पडून पायाचा अंगठा चोखत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. मग पाय खाली आला. घुंगरं चार.

मोजली परत. चारच. पाचव्याची कडी मेणासारखी पसरलेली. मी नख लावलं तर आणखीच वाकली. गादी झटकली, झोळी उलटी केली, केरसुणीने कपाटाखालचं सगळं बाहेर ओढलं. घुंगरू नाही. डॉक्टरांनी फोटो काढला, तर पोटात पांढरा ठिपका. "लहान आहे, गोल आहे, बाहेर पडेल. उलटी झाली किंवा पोट फुगलं तर लगेच आणा. नाहीतर शी बघत राहा."

ते दोन दिवस मी एका जागी बसले नाही. खुर्चीत टेकले की वाटायचं, आत्ता रडली का? जाऊन बघावं तर खेळतेय. परत यावं तर वाटायचं, खेळणं जरा मंद आहे का? पोटाला हात लावला की लेक ओरडायची, "आई, दर पाच मिनिटांनी काय चाचपतेस तिला!" जावई मात्र "आई, चहा घ्या" म्हणत होते, आणि तो चहा तसाच निवत होता.

दुपटं कुणाला धुवू दिलं नाही. मोरीत जुनी स्टीलची गाळणी घेऊन मीच बसायची, आणि विहीणबाई शेजारी उभ्या राहून तांब्याने पाणी ओतायच्या. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, "अहो, एकदा बोलून तरी टाका मला!" त्यांनी पाणी ओतलं. पुढे बघा म्हणून गाळणीकडे बोट केलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाळणीत टण् वाजलं. मी बोटांनी चाचपून पाहिलं, पुन्हा धुतलं, पुन्हा पाहिलं. तेच होतं. ओल्या लुगड्यानिशी मोरीतच बसकण मारली आणि पोरीसारखी रडले. आतून नातीचं ओरडणं ऐकू येत होतं, भूक लागली म्हणून, खणखणीत.

विहीणबाईंनी नळ बंद केला. आत गेल्या, वाळे घेऊन आल्या, माझ्या ओल्या ओंजळीत ठेवले, आणि इतक्या महिन्यांचं एकदाच, आपल्या अहिराणीत, बोलून घेतलं:

"पुढला बारसाले वाळा मी आनसू, विहीणबाई. तुम्ही झबलं आना. ते बी बिगरबटननं."