ताईंची परतीची बाटली

ताईंना मी कधी ताजंतवानं पाहिलं नाही. सकाळी भेटोत की संध्याकाळी, दारातून आत आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "दमले गं बाई." मग बूट काढायचे, ते भिंतीला लावून सरळ ठेवायचे आणि खुर्चीत बसून डोळे मिटायचे. ड्रेस्डेनच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात त्या इंजिनिअर होत्या. शिफ्टचं काम, डोळे तेवढे उघडे राहतील असा पांढरा पोशाख चढवून दिवसभर यंत्रांमधून फिरायचं. मी पीएच.डी.साठी तिथे गेले आणि त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहू लागले, तेव्हा त्यांना जर्मनीत वीसएक वर्षं झाली होती. लग्न केलं नव्हतं. दमणं मात्र अंगवळणी पडलं होतं.

तरी कुणाचं काम अडलं की पहिल्या उठायच्या त्याच. आम्हा मराठी पोरापोरींची भाड्याची घरं, विम्याची पत्रं, व्हिसाच्या ऑफिसातल्या खेपा, सगळीकडे ताई. "दमलेय, पण येते. तुम्ही तिथे जर्मनमध्ये नुसते 'या, या', म्हणजे हो, हो करत मान हलवाल आणि परत याल." ऑफिसातल्या बाकावर त्या खुशाल डुलक्या काढायच्या. आमचा नंबर लागला की खडबडून जाग्या व्हायच्या आणि असं खणखणीत जर्मन बोलायच्या की समोरची बाई खुर्चीत सरळ व्हायची.

नियमांच्या बाबतीत तर त्या जर्मनांच्याही वरताण. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी सिग्नलचा लाल माणूस हिरवा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. "ताई, कोणी नाहीये हो!" "आपण आहोत ना." एका रविवारी मी जॅमच्या रिकाम्या बरण्या घेऊन कोपऱ्यावरच्या, काच टाकायच्या डब्याकडे निघाले, तर त्यांनी जिन्यातूनच मला मागे फिरवलं. रविवारी तिथे काच टाकायची नसते, फुटल्याच्या आवाजाने लोकांची सुट्टी मोडते. त्या बरण्या सोमवारपर्यंत माझ्या दाराशी बसून होत्या.

त्यांचा दुसरा ठरलेला शब्द म्हणजे "मुरू दे". एशियन दुकानातल्या कैऱ्यांचं लोणचं घातलं की आमची बोटं बरणीपासून लांब ठेवायला मुरू दे. माझ्या प्रोफेसरांनी प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण परत पाठवलं तेव्हा मी त्यांना तावातावाने मेल लिहिली. ताईंनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान लिहिलंयस. आता पाठवू नकोस. मुरू दे." सकाळी मी ती पुन्हा वाचली आणि गुपचूप पुसून टाकली.

बाटलीचा शोध मला असाच, त्यांची एक जुनी खुर्ची तळघरात न्यायला गेले तेव्हा लागला. तिथे प्रत्येक घराला जाळीची एकेक खोली असते. ताईंच्या खोलीत त्या भारतातून आल्या तेव्हाची मोठी बॅग होती आणि बॅगेत जुन्या सुती पातळात गुंडाळलेली वाईनची बाटली.

"इटलीची आहे," त्या म्हणाल्या. "इथे नवीन होते तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर टस्कनीला गेले होते. डोंगरउतारावर द्राक्षांचा मळा आणि खाली समुद्र. गुहागरला उतरताना वळणावर दिसतो ना, तस्साच. वारासुद्धा तसाच खारट. मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले, बायकांना वाटलं मला चढली."

तीन जातींच्या द्राक्षांची ती तांबडी वाईन, ओकच्या पिंपात मुरवलेली. मळेवाल्या म्हाताऱ्याने बजावलं होतं, दहा-बारा वर्षं ठेवा, त्यापुढे नको. "मी म्हटलं, इतकी कशाला? त्याच्या आत मी घरी गेलेली असेन. परतीचं तिकीट काढलं की आदल्या दिवशी उघडणार." आईलाही त्यांनी हे सांगितलं होतं, फक्त वाईनऐवजी द्राक्षाचं सरबत म्हणून.

त्यामुळे गुहागरहून फोन आला की म्हातारी सरळ "कधी येतेस" असं विचारत नसे. "काय गं, सरबत उघडलंस का?" एवढंच. "नाही गं आई, मुरतंय अजून," असं ताई म्हणायच्या. आधी नोकरी कायम व्हायची होती, मग घराचे हप्ते, मग पेन्शनसाठी थोडीच वर्षं. मी तिथे होते तितकी वर्षं ते सरबत मुरतच राहिलं.

माझ्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात ताईंची आई गेली. ताई दिवस करून परत आल्या, बूट सरळ ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेल्या. आम्ही भेटायला गेलो तर आम्हालाच चहा केला.

मला पुण्यात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांनी जेवायला बोलावलं. पिठलं-भात होता आणि टेबलावर ती बाटली. "ताई, ही तुमची परतीची ना?"

"तू चाललीयस ना परत? मग झालं तर."

बूच अर्ध्यात मोडलं. भुगा आत पडला, तेव्हा ताईंनी चहाच्या गाळणीने वाईन गाळली. लाल रंग विटून आमसुलाच्या पाण्यासारखा झाला होता. त्यांनी घोट घेतला, बराच वेळ तोंडात धरला.

"बिघडली नाहीये," त्या म्हणाल्या. "दमलीये."

"आणि तुम्ही कधी येणार?"

"आल्झो, म्हणजे बघ... तिथे आता मला कोण विचारणार गं, सरबत उघडलंस का म्हणून?"

जेवण झाल्यावर त्यांनी बाटली धुतली, बूट घातले आणि खाली निघाल्या. मीही मागोमाग गेले. कोपऱ्यावरच्या काचेच्या डब्यापाशी म्हटलं, "ताई, आज रविवार."

"माहितीये."

बाटली आत पडून फुटली. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि एक माणूस ओरडला, आज रविवार आहे, कळत नाही का!

"गेनाऊ," अगदी बरोबर, असं ताई वर बघून म्हणाल्या, आणि तिथेच डब्याला टेकून रडू लागल्या. मी त्यांना धरून उभी राहिले. खिडकी हळूच बंद झाली.

पुण्याला आल्यापासून दर रविवारी मी त्यांना फोन करते. पहिल्याच फोनवर विचारलं, "काय हो ताई, सरबत उघडलं का?" त्या म्हणाल्या, "फोडलं ना गं तुझ्यासमोर." पण मी विचारायचं सोडलं नाही. दर वेळी त्या हसून विषय बदलायच्या.

मागच्या रविवारी मात्र म्हणाल्या, "नवीन आणलीय. त्याच मळ्याची. मुरू दे जरा."

माझे डोळे भरून आले. "या वेळी दहा-बारा वर्षं नका हो ठेवू," मी म्हटलं.

"दमले गं बाई," त्या म्हणाल्या. "आत्ताच आलेय शिफ्टवरून. बूट तर काढू दे आधी."