नेलपॉलिशचा मोर

आमच्या शेजारच्या रामलिंगभाऊंनी आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलं नाही. अशा माणसाला त्या क्लासवाल्यांनी आठ दिवस रडकुंडीला आणलं, ते मी लिहून ठेवणारच. मला चोंबडी म्हणा. गल्लीत म्हणतातच.

भाऊ म्हणजे लातुरातल्या एका बड्या क्लासचे फळ्याचे चित्रकार. सर यायच्या आधी रंगीत खडूंनी हृदय, बेडकाची आतडी, डोळ्याचा पडदा काढून ठेवायचे. हृदय असं, की पहिल्या बाकावरची पोरं आपली नाडी चाचपायची. नऊ वर्षं हेच काम. मग दोन हजार सहा साली क्लासचे मालक रेणुकादास सर पुण्याला जाऊन आले आणि त्यांना साक्षात्कार झाला, की चित्र हललं पाहिजे.

"रामलिंग, पुढच्या सोमवारी पालक येणार आहेत. हृदय पडद्यावर धडधडलं पाहिजे. नाही जमलं तर पुण्याचा माणूस बघून ठेवलाय."

झालं. क्लासचा एक कॉम्प्युटर भाऊंच्या घरी येऊन पडला. शिकवायला कोण, तर क्लासमधला मुकुल. वय तेवीस, तोंडात च्युइंगम. "अंकल, सोप्पंय. एक फुगलेलं हार्ट काढा, एक आवळलेलं. दोन्हीकडे की फ्रेम टाका. मधलं सॉफ्टवेअर करतं." एवढं बोलून गेला. अंकल म्हणे!

विरजणाचं निमित्त काढून मी बघायला गेले. काय तो पडदा! डावीकडे नखाएवढ्या चित्रांची उतरंड. काळा बाण, पांढरा बाण, बादली, दौत. वर बारीक चौकटींची आगगाडी. उजवीकडे खिडक्याच खिडक्या, आणि एक चुकून मिटली की परत कुठून उघडायची त्याचा पत्ता नाही. अहो, माणसानं वापरायची वस्तू ना ही? मग दाराला धड पाटी का नको? आणि वर आपल्यालाच अडाणी म्हणायचं!

भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "वैनी, की म्हंजे चावीच ना?"

"मग काय."

"चावी हाय तर कुलूप आसंलच कुठंतरी."

आणि होतं की हो! आगगाडीच्या डाव्या टोकाला चिमुकलं कुलूप. भाऊंनी दाबलं. त्या क्षणापासून हृदयाला हात लागेना. पेन्सिल नेली की तिच्यावर काट. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी म्हणाले, "भाऊ, या वयात हृदयाला कुलूप? जगदेवीला सांगितलं का?"

त्यांची बायको आतून हसली. भाऊ हसले नाहीत. तेव्हा मला कळलं, हे गंभीर आहे.

गुरुवारी त्यांनी लाज सोडून मुकुलला फोन केला. तो इतका हसला, की मला इथवर ऐकू आलं. "अंकल, कुलपानं चित्र बंद होतं! ते उघडा. की फ्रेमला कीबोर्डवरचं एफ-सहा दाबा."

भाऊंनी फोन ठेवला, पोराच्या चित्रकलेच्या वहीचा कागद कापला आणि मॉनिटरच्या कडेला चित्रं चिकटवायला बसले. बादलीपाशी रांजण, काळ्या बाणापाशी कावळा. मी जाऊन विचारलं, "हे काय करायलात?"

"वैनी, भूकंपानंतरचं नवं गाव आठवतं का?"

न आठवायला काय झालं. रांगेत सगळी एकसारखी घरं, दारावर नुसते नंबर. माझी मावशी केवळाबाई डोक्यावर भारा घेऊन रोज दुसऱ्याच्याच घरात शिरायची आणि भांडायची, "तुम्ही माझ्या घरात काय करायलात?" भाऊ तेव्हा रेणापूरला पाट्या रंगवायचे. त्यांनी कुणाच्या दारावर बैल काढला, कुणाच्या टिटवी, मावशीच्या दारावर मोर. मावशी पुन्हा चुकली नाही. नंबर लिहिणाऱ्या साहेबांना सुचलं नव्हतं ते.

शुक्रवारी मुकुल आला आणि भाऊ चहा आणेपर्यंत "अंकल, नीट लावून दिलं बरं का" म्हणत त्यानं पडद्यावरच्या सगळ्या खिडक्या हलवल्या. बादली उजवीकडे, रांजण डावीकडेच. तो गेल्यावर भाऊ म्हणाले, "गाव हलवलं हो वैनी! इच्चारलं तरी का मला?"

माझाच संताप संताप झाला. मी घरी गेले आणि माझ्या नेलपॉलिशच्या तिन्ही बाटल्या आणून आदळल्या. "खिडक्या हलतात, बटणं तर हलत नाहीत ना? काढा कीबोर्डच्या बटणांवर."

एकेका बटणावर एकेक चित्र: कुठं बैल, कुठं टिटवी. एफ-सहावर लाल मोर. शनिवारी हृदय हललं, रविवारी लयीत आलं.

सोमवारी भाऊ तोच कीबोर्ड घेऊन क्लासमध्ये गेले. मीही गेले, पालक म्हणून. कुणाची पालक ते कुणी विचारलं नाही. पडद्यावर हृदय धडधडलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात नायगावचे एक गृहस्थ उठले. "परीक्षेच्या हॉलात धडधडतं तसं करून दाखवा की!"

सरांनी मुकुलकडे बघितलं. मुकुल पुढं झाला, पण क्लासमधल्या कॉम्प्युटरवर खिडक्यांची मांडणी तिसरीच. बाण नुसता भिरभिरायला लागला. भाऊ म्हणाले, "सरका जरा." टिटवी आणि बैल एकदम दाबले, मधल्या चौकटी कमी झाल्या, म्हणजे ठोका लवकर पडणार, मग एकदा मोर. हृदय असं सुटलं, की त्या गृहस्थांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

पालक गेले. भाऊंचं काम टिकलं. आणि सरांनी काय म्हणावं? "छान. आता तो रंग तेवढा पुसून टाका. क्लासला शोभत नाही."

मी तोंड उघडणार, तोच भाऊ बोलले. आवाज न चढवता. "सर, चित्र हाललं का न्हाई?"

"हललं."

"मग दारावरचा मोर पुसायचा न्हाई."

भाऊंनी कीबोर्डची वायर उपसली, गुंडाळली आणि कीबोर्ड काखेत मारून बाहेर पडले.

आता रोज सकाळी भाऊ सायकल काढतात. हँडलला पिशवी, पिशवीतून वायर लोंबतेय. मी ओट्यावरून ओरडते, "भाऊ, गाव घेऊन निघालात का?"

"हाव," म्हणतात. "तिथं ठेवलं तर कोणी हलवंल."