चंडोलासाठी सोडलेलं बेट

भालकीच्या बाजूला, मांजरेच्या पात्रातल्या बेटावर चंडोल उरले ते कलाबाईच्या हट्टामुळं. असं कलाबाईच सांगायची आणि ते खोटं नव्हतं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या आधीपासून पाखरं धरणारे दोन्ही काठ फिरून हैदराबादच्या शौकिनांसाठी पिंजरे भरून नेत होते. काठावर चंडोल औषधालाही राहिला नाही. बेटावर तेवढे चार-दोन.

तिचा नवरा अंकुशराव देवी येऊन आंधळा झालेला. सकाळी तो ओट्यावर आभाळाकडे तोंड करून बसायचा. चंडोल गात वर चढला की गडी खुलायचा, नाहीतर दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. एवढ्यासाठी कलाबाईनं कंबर कसली होती.

चंडोलाचं घरटं भुईवरच असतं. बेटावर चरायला येणाऱ्या, गावातल्या हरिबाच्या शेरडांनी त्यातलं एक तुडवलं आणि बाई अशी भडकली की विचारू नका. बेटावरच्या दगडाला शेंदूर फासून, भंडारा उधळून, तिनं गावादेखत बेट लक्ष्मीआईला सोडलं. तिथली काडीसुद्धा कुणी तोडायची नाही. हरिबा बिचारा शेरडं हाकत परतला. पाखरं धरणारेही फिरकेनात.

पुढच्या साली बेटावर गवत कमरेला लागलं. आणि चंडोल गप्प.

"कामून बोलंना गं?" अंकुशराव विचारायचा.

"बोलंल की," ती म्हणायची. देवी कोपली म्हणावं, तर देवीचं सगळं पाळलेलं. कुणी धरून नेलं म्हणावं, तर बेटावर कुणी पाऊल टाकलेलं नाही. तिचं डोकंच चालेना.

शेवटी अंकुशराव म्हणाला, "शेरडं चरायची तवा बोलायचा बघ. उघड्या रानातलं पाखरू ते. एवढ्या गवतात कुठं बसंल?"

कलाबाई हरिबाकडे धावली. "शेरडं घाल रे बेटावर."

"मी न्हाई, अक्का. देवीचं रान हाय. तूच सोडलंस की. मला लेकरंबाळं हाईत."

त्याचं खरं होतं, हीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवशी ती एकटीच विळा घेऊन बेटावर गेली. शेंदराच्या दगडापुढं डोकं टेकलं, पण काय मागावं तेच सुचेना. माफी मागावी, तर अपराध अजून व्हायचा होता. तिनं गवताची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

काठावरून बाया ओरडल्या, "कलाबाई, काय करायलीस हे?"

"मलाच कळंना झालंय!" ती रडतरडत ओरडली आणि विळा ओढला.