पाहुणचार बंद करणाऱ्या शैलजाताई

शैलजाताई टिपणीस यांची आणि माझी ओळख झाली ती त्या आमच्या घराची झडती घ्यायला आल्या तेव्हा. झडती हा शब्द ताईंना आवडणार नाही, पण गौरवलेखात खोटे लिहू नये. युरोपातली शाळकरी मुले वर्षभर सिंगापूरच्या कुटुंबांत राहायला आणायची आणि इथली मुले तिकडे पाठवायची, हे आमच्या स्वयंसेवी संस्थेचे काम. गणिताच्या शिक्षिकेची नोकरी सांभाळून ताई ते वर्षानुवर्षे विनावेतन करत होत्या. आम्ही एक मुलगी घरी ठेवून घेण्यासाठी नाव दिले होते, म्हणून त्या आल्या होत्या.

मी जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात सुरक्षा तपासनीस. तपासणी म्हणजे काय हे आपल्याला कळते, असा माझा समज होता. बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डो फ्लॅटमधली रिकामी खोली, नवी गादी, नवे पडदे असे सगळे मी दिमाखात दाखवले. ताईंनी तिकडे धड पाहिलेही नाही. पोहे खाता खाता त्यांनी विचारले, "तुमच्यात भांडण झालं की आधी कोण बोलतं?"

"मीच," माझी पत्नी मंजिरी म्हणाली.

"आणि येणाऱ्या मुलीकडे घरातलं कुठलं काम?"

आम्ही दोघे एका सुरात म्हणालो, "छे हो! पाहुणीला कसलं काम?"

ताईंनी वहीत काहीतरी टिपले, पोहे छान झाल्याचे सांगितले आणि निघाल्या.

एस्टोनियाहून काद्री आली. सतरा वर्षांची, वडील बसचालक, शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच येऊ शकलेली. आम्ही तिला डोक्यावर घेतले. सकाळी चहा हातात, संध्याकाळी ताट समोर, आग्रहावर आग्रह. ती बशी धुवायला उठली की मंजिरी ती तिच्या हातातून काढून घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात काद्रीने खोलीचे दार लावून घेतले आणि घरी परत जायचे म्हणून रडू लागली. आमची तर पाचावर धारण बसली. मी ताईंना फोन केला. बिशानच्या आपल्या घरून मेट्रोने त्या तासाभरात पोचल्या, अर्धा तास तिच्याशी बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "महेश, तुम्ही पोरीला घरात घेतलंय की देव्हाऱ्यात बसवलंय? तिला वाटतंय, तुम्हाला ती नकोशी झालीय म्हणून तुम्ही तिला कशाला हात लावू देत नाही."

इतके प्रेम करून आपण त्या मुलीला एकटे पाडले, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. ताईंनी तिथल्या तिथे फर्मान काढले: पाहुणचार आजपासून बंद. जेवणाची पाने काद्री घेईल, संध्याकाळचे दूधही तीच तापवेल. आमची लेक सई तर टपूनच बसली होती. "युअर टर्न, लाह!" असे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणत तिने काद्रीच्या हातात ताटे दिलीही. चौथ्या दिवशी दूध उतू गेले आणि मंजिरी, सईला ओरडते तशीच, खणखणीत आवाजात काद्रीला ओरडली. मी डोळे मिटून घेतले. काद्रीने ओटा पुसला आणि आईला फोन लावून आनंदाने सांगितले, "आज मला बोलणी बसली!"

पहिल्या भेटीत ताईंनी वहीत काय टिपले होते, ते मी पुढे स्वतः स्वयंसेवक झाल्यावर वाचले. 'माणसं चांगली. तिसऱ्या आठवड्यात जावं लागेल.'

कुटुंबे शोधण्याची ताईंची रीतही अशीच. पत्रके वाटण्यावर त्यांचा विश्वास नाही. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, अनोळखी कुटुंबाच्या टेबलाशी त्या परवानगी विचारून बसतात आणि घरातली मुले काय काम करतात, इथून सुरुवात करतात. अशाने चिनी, मलाय, तमिळ घरे जोडली गेली. मंजिरीचे ऑपरेशन झाले तेव्हा इतरांनी आमच्याकडे डबे पाठवले. ताई आल्या आणि मला वरणभात करायला शिकवून गेल्या. तेव्हा राग आला होता. आज आमच्याकडे राहायला येणारी मुलेही माझ्या हातचे वरण मागून खातात.

पण ताईंची खरी कसोटी लागली ती काद्री परतायला महिना उरला असताना. युरोपातल्या ज्या निधीतून शिष्यवृत्त्या मिळत, त्या निधीच्या समितीने त्या बंद करून संगणकाच्या पडद्यावरच्या भेटीगाठींनाच मदत द्यायचा घाट घातला होता. म्हणजे यापुढे फक्त पैसेवाल्यांची मुले आली असती. बसचालकाची मुलगी आली नसती. समितीच्या अध्यक्षा, ब्रसेल्सच्या एक करड्या शिस्तीच्या बाई, एका दिवसासाठी सिंगापुरात येणार होत्या. मी हॉटेलचा हॉल ठरवला, भरमसाट स्लाइड्स केल्या. ताईंनी दोन्हींवर फुली मारली. प्रत्येक कुटुंबाला त्यांनी एकच पत्र लिहायला सांगितले: कौतुकाचे नको, आलेल्या मुलाशी झालेल्या एखाद्या भांडणाचे हवे. आणि बाईंना बोलावले आपल्या बिशानच्या फ्लॅटवर, जेवायला.

बाई आल्या, बसल्या. ताईंनी भांडणांच्या पत्रांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला आणि शेजारी घेवड्याच्या शेंगांची परात! "जेवण व्हायचंय. तेवढ्या शेंगा मोडायला घ्याल का?" शरमेने मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले. बाईंनी क्षणभर ताईंकडे पाहिले, बाह्या वर सारल्या आणि शेंग मोडली. शेजारी बसलेली काद्री पटकन म्हणाली, "अशी नाही. आधी शीर काढायची."

"हे तुला कोणी शिकवलं?"

"मंजिरीमावशीनं. आधी ओरडली, मग शिकवलं."

बाई हसल्या. ताईंनी तेवढ्यात आपले म्हणणे मांडले, तेही एका वाक्यात. "पडद्यावर भेटणारी माणसं एकमेकांशी फार छान वागतात हो, पण कोणी कोणाला ओरडत नाही." बाईंनी पत्रे वाचायला घेतली. मध्येच चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मग दोनदा भाजी मागून घेतली आणि आपले ताट स्वतः धुतले.

पंधरा दिवसांनी पत्र आले. शिष्यवृत्त्या कायम! शिवाय नव्या स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणालाही मदत मंजूर. त्या दिवशी मी कंपनीच्या बसमध्ये उभा राहून ओरडलो, ड्रायव्हर दचकला. आम्ही जिंकलो होतो. माझी एकही स्लाइड न दाखवता!

आज काद्री एस्टोनियात आमच्याच संस्थेची स्वयंसेवक आहे, आणि दरवर्षी तिथून कुणा मेकॅनिकचा, कुणा परिचारिकेचा मुलगा वा मुलगी इथे येते. ताईंच्या साठीनिमित्त शाल, श्रीफळ, मधोमध सजवलेली खुर्ची असा बेत मी तिला फोनवर सांगितला. काद्री मराठीतच म्हणाली, "महेशकाका, तुम्ही ताईंना परत देव्हाऱ्यात बसवताय."

माणूस एकच चूक किती वेळा करतो! ताई, बेत बदलला आहे. शाल घ्यावीच लागेल, पण ती बाजूला ठेवून समारंभाच्या जेवणाची पाने तुम्हीच घ्यायची आहेत. दूध तापवायला काद्री येते आहे. तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत तब्येत लाभो, आणि आम्हाला ओरडणारा तुमचा आवाज शंभरीच्या पंगतीतही असाच खणखणीत राहो. त्या पंगतीच्या शेंगा मोडायला मी येईन. शिरा आधी काढीन.