शुक्रवारची चूल

हायस्कुलातले बहुतेक मास्तर मला त्यांच्या विषयासकट आठवतात. फारसीचे मास्तर छडी न उचलता नुसत्या खोकल्यानं वर्ग गप्प करायचे. भूगोलाचे मास्तर नकाशा उलटा टांगायचे आणि दोष शिपायाला द्यायचे. गणिताचे मास्तर मात्र गणितासाठी आठवत नाहीत. त्यांच्याकडं मी शुक्रवारी जेवायचो.

नीट सांगायचं तर, जेवायचो त्यांच्या अंगणात आणि रांधायचो मी.

मी खेड्यातून आलेला. औरंगाबादेत एका देवळाच्या ओवरीत राहायचो आणि वार लावून जेवायचो, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी. सहा घरं मिळाली, शुक्रवारचं मिळेना. निजामाच्या राज्यात शाळेची सुट्टी शुक्रवारी, त्यामुळं उपाशी दिवस आणि रिकामा दिवस एकच पडला. सोबतची मुलं आपापल्या घरी. मी बंद शाळेच्या ओट्यावर जाऊन गणितं सोडवत बसायचो. निदान ती जागा ओळखीची होती. वडिलांना कळवलं असतं तर त्यांनी शाळा सोडवून मला गावी नेलं असतं, म्हणून कळवलं नाही.

एका शुक्रवारी नमाजाहून परतताना गणिताच्या मास्तरांनी मला पाहिलं.

"आज सुट्टी. घरी का नाय गेला?"

"आज घर नाही, मास्तरसाहेब."

त्यांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. मग म्हणाले, "माझ्याकडं जेव म्हटलं तर तुझा बाप मला कच्चा खाईल. शाकाहारी माणूस, उगा त्याचा धरम बुडेल."

पुढच्या शुक्रवारी त्यांच्या अंगणात लिंबाखाली तीन दगडांची चूल मांडलेली होती. शेजारी नवं पितळी पातेलं आणि शिधा: तांदूळ, मूगडाळ, हळद, मीठ. कोरड्या शिध्याला विटाळ नसतो, हे त्यांनी संस्कृतच्या मास्तरांना आधीच विचारून ठेवलं होतं. पाणी मी गल्लीतल्या नहरीच्या हौदावरून माझ्या तांब्यात आणलं.

"आण, आण," ते म्हणाले. "घरातलं बी त्याच नहरीचं आहे, पण तुझा तांब्या जरा हिंडून येऊ दे."

सगळा विचार झाला होता, फक्त मला रांधता येत नव्हतं. पहिली खिचडी खाली करपली आणि वर कच्ची राहिली.

"पानी कम है," दारावरच्या चिकाच्या, बांबूच्या कामट्यांच्या पडद्याआडून बाईचा आवाज आला. "और डाल. हिलाव नक्को."

"तिला राहवत नाय," मास्तर म्हणाले. "मला बी असंच शिकवते."

"तुमको क्या आया?" पडद्याआडून उत्तर आलं.

मास्तरांच्या बायकोला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागलो. आच कधी ओढायची, झाकण कधी ठेवायचं, सगळं खालांनी न दिसता शिकवलं. आज बदलीच्या गावी खोलीवर एकट्यापुरतं शिजवतो, तेव्हाही पाणी बरोबर पडतं.

त्यांचा स्वयंपाक केव्हाच झालेला असायचा, पण माझी खिचडी उतरेपर्यंत दोघंही थांबायचे. मग मास्तर ओसरीवर, खाला पडद्याआड, मी लिंबाखाली, असे एकाच वेळी जेवायचो. ज्या सहा घरांत मला आत बसवून वाढत, तिथं वाढणारी बाई वाढून निघून जायची. माणसांत बसून जेवल्यासारखं मला शुक्रवारीच वाटायचं.

मॅट्रिक झालो, तहसिलीत चिकटलो. वडील वारले. कचेरीत सगळ्यांबरोबर चहा पिता पिता माझे खाण्यापिण्याचे नियमही गळून पडले. बीडला बदली झाली तेव्हा मुद्दाम शुक्रवार धरून औरंगाबादेत उतरलो. आज खालांच्या हातचं मागून खायचं, असं ठरवूनच गेलो.

दारावरचा पडदा गुंडाळून वर बांधलेला होता. आतली खोली थेट दिसत होती. खाला थंडीतच वारल्या होत्या.

"कळवणार कुठं? तुझा पत्ता नव्हता," मास्तर म्हणाले.

"मी आज तुमच्या घरचं जेवायला आलो होतो."

"उशीर केलास. माझ्या हातचं आता कुत्रं बी खात नाय."

मग मीच आत जाऊन खालांच्या चुलीवर खिचडी टाकली. पाणी ओतताना हात थांबला. मागून कुणी काही बोललं नाही. जेवणासाठी जमिनीवर अंथरलेल्या एकाच दस्तरखानावर आम्ही समोरासमोर बसलो. इतक्या जवळ बसून काय बोलायचं, हे दोघांनाही सुचेना. ओसरीवरून लिंबापर्यंत ओरडून बोलायची सवय होती. त्यांनी चार घास खाल्ले.

"पुढचा शुक्रवार?" त्यांनी विचारलं.

"उद्या बीडला रुजू व्हायचंय, मास्तरसाहेब."

"व्हय. नोकरी आधी."

उरलेली खिचडी त्यांनी रात्रीसाठी झाकून ठेवली. मी भांडी घासायला उचलली, तशी त्यांनी हातातून काढून घेतली.

"राहू दे," ते म्हणाले. "संध्याकाळी मला काहीतरी काम पाहिजे."