यानाच्या कपाळावरचं नाव

तुमच्या घरच्या गाडीवर कुणाचं नाव आहे? आज दुपारपासून माझ्या डोक्यात हाच विषय आहे.

निपाणीतल्या आमच्या गच्चीवर मी अवकाशयानाच्या मॉडेलला शेवटचा रंग देत होते. यान लांबचा प्रवास करून आल्यासारखं दिसावं म्हणून इंजिनाजवळ काळपट रंग घासत होते. वडील, म्हणजे आप्पा, शेजारी बसले होते. त्यांनी जन्मभर लॉरी चालवली.

यान हातात घेऊन ते म्हणाले, "पुढं नाव न्हाय गं?"

"नंबर आहे की, आप्पा."

"नंबर पोलिसास्नी. नाव घरातल्याचं लागतंय."

त्यांच्या लॉरीच्या कपाळावर माझं नाव होतं, लाल अक्षरात, दोन्ही बाजूंना फुलं काढलेली. लॉरी विकली तेव्हा मी कॉलेजात होते. नव्या मालकानं माझ्या नावावर रंग मारला असणार, असं इतकी वर्षं धरून चालले होते. थोडं लागलंही होतं. आज विचारलंच.

"त्यानं कुठलं? गाडी द्यायच्या आदी मीच खरवडलं," आप्पा म्हणाले. "तुझं नाव घिऊन दुसरा कशाला फिरंल?"

मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि यानाच्या पुढच्या बाजूला लाल रंगात 'आप्पा' लिहिलं.

त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग यान माझ्या हातात देत म्हणाले,

"विकलंस तर आदी खरवड."