सुताची घट

ओल्या सुताचा वास आला की सोलापुरातला चादरींचा तो कारखाना आठवतो. सत्तरच्या दशकात मी तिथं साठ्याची वही लिहायचो. पावसाळ्यात दमट सूत तोलून घेतलं होतं. उन्हाळ्यात ते वाळलं आणि मोजणीत वजन कमी भरलं. "सूत काय हवेत उडालं व्हय?" मालक गोदाम सांभाळणाऱ्यावर ओरडले. त्यांचे पाय धरून तो माझ्याकडे बघत म्हणाला, "दिवाणजी, ओलं होतं की! तुमी तरी सांगा, पोरं उपाशी मरतील." सूत ओलं असल्याची नोंद मीच केली नव्हती. नोकरी जाण्याच्या भीतीनं मी मान खाली घातली. त्याला चोर ठरवून काढून टाकलं. आता व्यापाऱ्यांना संगणकावर साठा मांडायला शिकवताना मी घटीचा रकाना सगळ्यात आधी करायला लावतो. का, ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.